लोंबती वायर

३ मार्च, मंगळवार
लेक-जावई घर बदलतायत. सामानाच्या धबडग्यात मोडू नये म्हणून जावयांनी त्यांची शर्यतीची गाडी तीन आठवडे आपल्याकडे ठेवली. खेळणं नव्हे. हातभर लांब, खऱ्या इंजिनाची, नायट्रो नावाच्या इंधनावर चालणारी, रिमोटने पळणारी. बावीस तारखेला क्लबची शर्यत. म्हणाले, गाडी तयार आहे, फक्त ठेवा, वाटलंच तर एकदा फिरवून बघा.
सहा वर्षांत जावयांनी पहिल्यांदा माझ्यावर काही सोपवलं. लग्नातल्या सुटाची बाही अर्धा इंच आखूड झाली तेव्हापासून ते रेडिमेड घालतात. (बाही बरोबर होती. हात वाढला असावा.) आत बोटभर कापड राखलंय, सांगितलं असतं तर वाढवून दिली असती. पण अवाक्षर बोलले नाहीत. आता संधी आहे.
‘फक्त ठेवा’ ही बोलायची रीत. चाळीस वर्षं कपडे शिवलेत. गिऱ्हाईक म्हणतं काय आणि त्याला हवं असतं काय, मला कळतं.

४ मार्च, बुधवार, सकाळी १०
गाडी खोक्यातून काढली. काम ठीक, फिनिशिंग शून्य. बॉडीतून प्लॅस्टिकची एक नळी उभी आणि तिच्या टोकातून वीतभर लाल वायर लोंबतेय. लोंबता दोरा दिसला की माझा हात आपोआप कात्रीकडे जातो. नळीच्या तोंडाशी साफ कापली. आता गाडी चारचौघांत न्यायजोगी दिसते.
तुकडा हिने नेला. चष्म्याची काडी निखळली होती, ती बांधली. आमच्या घरात काही वाया जात नाही.

६ मार्च, शुक्रवार
मागच्या पार्किंगमध्ये फिरवली. दोरी ओढून ओढून इंजिन अर्ध्या तासाने सुरू झालं. खांदा गेला. पण काय आवाज! चाळीस पावलांपर्यंत गाईसारखी गरीब. त्यापुढे पिसाळली. चाकं थरथरली, गाडी मनानेच डावीकडे वळली आणि खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांच्या स्कूटरवर आपटली. रिमोट माझ्या हातात, पण ऐकेल तर शपथ.
म्हणजे गाडीत छुपा दोष आहे आणि जावयांना पत्ताच नाही. बरं झालं माझ्या हाती आली. शर्यतीत नाक कापलं गेलं असतं.
उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून शास्त्रशुद्ध तपास.

७ मार्च, सकाळी ९.१५
उठायला जरा उशीर. तपास सोमवारपासून.

९ मार्च, सोमवार
पहिला संशयित: दंतवैद्य. त्यांचं ड्रिल काहीतरी लहरी सोडत असणार. जाऊन विनंती केली की चार ते पाच दात कोरू नका. ते म्हणाले, स्कूटरच्या आरशाचं काय? विषय बदलण्यात पटाईत माणूस.

११ मार्च, बुधवार
आज दवाखाना बंद. तरी गाडी बहकली. दंतवैद्य निर्दोष. (त्यांना कळवायची गरज नाही.)
रिमोटचे सेल नवे घातले, गाडीतले नवे घातले, स्क्रू आवळले. लोखंडाला लोखंड घासलं की सिग्नलमध्ये खरखर येते असं एका व्हिडिओत म्हणाले, म्हणून सगळीकडे शिलाई मशीनचं तेल सोडलं. फरक शून्य. पुढे त्यात अँटेनाबद्दल बरंच काही होतं, ते ढकललं. अँटेना रिमोटला आहे, चांगली भलीमोठी, आणि मी ती पूर्ण ओढूनच धरतो.

१४ मार्च, शनिवार
लेकीचा फोन. जावई विचारतायत, गाडी कशी आहे. सांगितलं, दिली होती त्याहून छान. ही मागून काहीतरी म्हणायला लागली, मी फोन ठेवला.
मग लख्ख सुचलं. नळी! वाऱ्यात हलते आणि गाडीचा तोल घालवते. काढून टाकली. आतल्या वायरची बारीक घडी घालून बॉडीच्या आत चिकटपट्टीने बसवली, कॉलरमध्ये कॅनव्हास बसवतो तशी. बघत राहावं असं काम.
ही म्हणते, त्यांनी वायर बाहेर ठेवली होती ती उगाच का? हिला फिनिशिंगमधलं कळत नाही.

१७ मार्च, मंगळवार
आता पंधरा पावलांवरच बहकते. प्रगती आहे. दोष जवळ यायला लागलाय, म्हणजे पकडायला सोपा.
ही म्हणते, जावयांना सरळ सांगून टाका. सांगीन की. शर्यतीनंतर.

२१ मार्च, शनिवार
गाडी दुरुस्त! दोष गाडीत नव्हताच, मी लांब उभा राहत होतो. दहा पावलांच्या आत राहिलं तर सोन्यासारखी चालते.
जावई न्यायला आले. घर लावून लावून दमलेत, चालवून बघायला वेळ नाही. सगळं ठीक ना, विचारलं. म्हटलं, डोळे मिटून पळवा, फक्त गाडीच्या जवळपास राहा. हसले. मीही हसलो.

२२ मार्च, रविवार, संध्याकाळ
चालवणारे सगळे एका उंच माचावर उभे राहतात आणि शर्यत संपेपर्यंत खाली उतरायचं नाही असा नियम आहे. हे मला आधी सांगायला हवं होतं.
पहिलं वळण पंचवीस पावलांवर. गाडी वळलीच नाही. टायरच्या कुंपणावरून उडाली ती थेट गुण लिहिणाऱ्या बाईंच्या टेबलाखाली. बाईंनी पाय वर घेतले, टेबल आडवं झालं. लागलं कुणाला नाही.
जावयांनी गाडी उचलली, बॉडी काढली, माझी घडी हळूहळू उलगडली. कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात विचारलं, अँटेनाची बाकीची वायर कुठे गेली? मी कारण जुळवतोय तोवर त्यांची नजर हिच्या चष्म्यावर गेली. काडीला लाल वायरचे तीन वेढे.
ही म्हणाली, “माझ्याकडे बघू नका, जावईबापू. मी फक्त गाठ मारली.”
ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर सुटलो असतो.
“बाबा,” म्हणाले, “आखूड झाली.”
बाहीबद्दल सहा वर्षांत जे बोलले नाहीत ते वायरबद्दल बोलले. म्हटलं, “मी कापली.”

२९ मार्च, रविवार
जावई आले. हिच्या चष्म्याला आता शिवणाचा दोरा आहे. वायर डाख देऊन जोडली, नळी पुन्हा उभी केली. डाख त्यांनी दिला, टॉर्च मी धरला. गाडी पार्किंगच्या टोकापर्यंत गेली, दंतवैद्यांच्या स्कूटरला लांबून वळसा घालून शहाण्यासारखी परत आली. टोकाला वायर लोंबत होती. मी हात खिशात ठेवले.
निघताना त्यांनी पिशवीतून सूट काढला. तोच. म्हणाले, पुढच्या महिन्यात ऑफिसात कार्यक्रम आहे, बाही वाढवून मिळेल का, बाबा? म्हटलं, न मिळायला काय झालं, आत बोटभर कापड राखलंय मी.
ते गेल्यावर बाही उसवली.
आत काही नाही. काठाशी साफ कापलेलं आहे. लोंबत असणार.