तालला खंडाळ्याला न्यायचं आहे

८ नोव्हेंबर

लियोरा परदेशातून येणार म्हणते! हनुक्काच्या, आमच्या दिव्यांच्या सणाच्या सुट्टीत, तालला घेऊन. लेक आणि नात. लिहितानाही खरं वाटत नाही. ताल पहिल्यांदाच पनवेलला येणार.

"ममी, तिला तुझं कोकण दाखव. समुद्र पण हवा, डोंगर पण हवा." चार दिवस फिरायचे. मी लगेच शाळेतला जुना नकाशा काढला. जन्मभर लोकांच्या पोरांना भूगोल शिकवला, स्वतःच्या नातीला साधी गाढी नदी दाखवली नाही.

इनॉकला सांगितलं. "बघू," म्हणाला आणि गॅलरीत जाऊन बसला. नवरा आहे की दगड!

९ नोव्हेंबर

आखणी. हे होणार नाही असं आतून वाटतंय, तरी आखते.

गुरुवारी करंजा. कोळणींचा मासळीचा लिलाव बघायचा, तिथून लाँचने रेवस. समुद्र पाण्यावरूनच बघायला हवा, गाडीच्या काचेतून नाही. मग अलिबाग. शुक्रवारी खंडाळा — अलिबागजवळचा, घाटातला नव्हे. लोक नेहमी घोटाळा करतात. शनिवारी शब्बाथ. लियोराच्या सासरी त्या दिवशी गाडीत पाय ठेवत नाहीत, म्हणून कुठेतरी वाळूत गप्प बसायचं. रविवारी माथेरान. घोडा, माकडं, चिक्की.

लियोराला वाटतं, सहल. मला जायचंय ते खंडाळ्याला. बाकीचं सगळं तोंडी लावणं आहे. तिथे खडकावर आम्हा ज्यूंच्या प्रेषिताच्या, एलियाहू हनाबीच्या घोड्याच्या टापेची खूण आहे. ताल सातव्या महिन्यात जन्मली, काचेच्या पेटीत होती, तेव्हा मी तिथे नवस बोलले — पोर वाचू दे, तिला तुझ्या दारी आणीन, तिच्याच हाताने मलिदा ठेवीन. पोर वाचली. आठ वर्षांची झाली. मलिदा राहिला.

हे कुणालाच सांगितलेलं नाही. लियोरा हसेल. इनॉक तर म्हणेल, नवस म्हणजे देवाला दिलेली लाच. नेहमीच म्हणतो.

११ नोव्हेंबर

कल्पेश येऊन गेला. जासईचा, स्वतःची गाडी चालवतो. माझा नकाशा उलटा धरून बघितला.

"काकू, गाडी काय लाँचमदी जायाची नाय. तुमी पान्यातनं जा, मी पेनवरून येतो. पन कंटेनरचं ट्राफिक हाय. टायमाची गॅरंटी नाय."

इनॉक आतून ओरडला, "झालं? पहिल्याच घासाला खडा."

त्याला एवढं बोलायला मात्र जमतं.

१४ नोव्हेंबर

तालचा व्हिडिओ कॉल. समोरचा दात पडलाय. जीभ घालून दाखवत होती. "नानी, हॉर्स खरा आहे? मी वर बसणार?" तिचं मराठी म्हणजे खिचडी, पण मला गोड लागते.

"आजोबा कुठे?" आजोबा गॅलरीत. फोन वाजला की तो उठतो. आठ वर्षं हेच. तिचा फोटो भिंतीवर लावला तर खुर्ची फिरवून पाठ करून जेवायला लागला. शेवटी मीच फोटो कपाटात ठेवला. ताल दोन वर्षांची असताना मी एकटीच तिकडे जाऊन आले. याने पासपोर्टच काढला नाही. एकुलती एक लेक देश सोडून गेली याचा राग. पण राग लेकीवर धरावा, पोरीने काय केलं? पूर्वी भांडायचे. आता भांडायचाही कंटाळा येतो.

१८ नोव्हेंबर

विमान रद्द. लियोरा म्हणते, दुसरं बघते. "बघते" म्हणजे काय ते मला कळतं.

१९ नोव्हेंबर

विमानतळ आमच्या उशाशी आला. नात काही येत नाही.

२४ नोव्हेंबर

दुसरं तिकीट मिळालं, पण दिवस घटले. सतरा डिसेंबरला येणार, बावीसला परत. एक दिवस सिनेगॉग आणि ओळखीपाळखीत जाणार, एक शब्बाथात. फिरायला उरतात जेमतेम दोन.

लियोरा म्हणाली, "मग माथेरान करू. समुद्र काय, आमच्याकडेही आहे. खंडाळ्याला एका दगडासाठी एवढं जायचं?"

एका दगडासाठी. संध्याकाळी समोरच्या शोभाजवळ रडले. तिला नवसाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुमच्यातही असतो होय? आमच्या सासूबाई म्हणायच्या, नवस फेडायला उशीर चालतो, विसर चालत नाही."

मला कुठे विसर पडलाय? इनॉक बाथरूममध्ये पडला तेव्हा हेच मनात आलं. तालला ताप आला की हेच मनात येतं. पासष्टी उलटली. अजून किती उशीर करू?

२६ नोव्हेंबर

लाँच गेली, रविवार परतीच्या बांधाबांधीत जाणार म्हणून माथेरानही गेलं. फक्त शुक्रवार. सकाळी खंडाळा, दिवेलागणीला शब्बाथ लागायच्या आत घरी. लियोरा कशीबशी तयार झाली.

२९ नोव्हेंबर

कल्पेशला तारीख सांगायला फोन केला. तो घुटमळला. "काकू, काकांनी तं गाडी कॅन्सल केली ना. परवाच फोन आलता."

डोक्यात तिडीक गेली. इनॉकसमोर जाऊन उभी राहिले. तो बिरड्याचे वाल सोलत होता. मान वर केली नाही.

"पाय दुखतो माझा."

"तुला ये म्हटलंय कुणी?"

"मग तिला तरी कशाला आणतेस इथे?"

तेव्हा बोलून गेले. सगळं. काचेची पेटी, नवस, मलिदा. त्याने मान वर केली. हातातला वाल तसाच.

"कधी बोललीस?"

"खंडाळ्याला गेलो होतो, त्याच दिवशी. तू झाडाखाली उभा होतास, टोपी घालून. मला वाटलं कंटाळलास."

तो उठून गॅलरीत गेला. वाल मीच सोलले.

३० नोव्हेंबर

आज सकाळी म्हणाला, "मी पण बोललो होतो. त्या झाडाखाली."

मला हसूच आलं. नवसाला लाच म्हणणारा हा माणूस! म्हटलं, काय बोललास?

"पोर वाचू दे. मी तिचं तोंड बघणार नाही. कधीच."

लोक भांडणात जे म्हणतात ते हा देवाला देऊन आला. मी ओरडले, असा कसला रे नवस?

"तुझ्यासारखं मलिदा-बिलिदा मला सुचलं नाही. जे सगळ्यात जास्त हवं होतं तेच दिलं." मग म्हणाला, "वाचली ना?"

गॅलरी. पासपोर्ट. फिरवलेली खुर्ची. मी याला दगड म्हणत होते. याच वहीत, याच महिन्यात लिहिलंय. मला माझीच लाज वाटते.

त्याला म्हटलं, देव एवढा कठोर नसतो, माफ करील. तो म्हणाला, "करीलही. पण नाही केलं तर ते तिच्यावर जाईल. रोझी, मी ते नाही करणार."

माझा नवस फिटायचा तर ताल इथे यायला हवी. त्याचा टिकायचा तर त्याने इथे असता कामा नये.

२ डिसेंबर

लियोराला फोनवर खरं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं पपांवर चिडून होते." येऊ नको का, असंही विचारलं. इनॉकनेच हाताने खूण केली. म्हणजे, तिला येऊ दे.

आता नकाशावर दोन सहली. आम्ही तिघी समुद्राकडे, हा डोंगराकडे. ती यायच्या दिवशी कल्पेश याला नेरळला सोडणार. ती गेली की हा माथेरानहून परत येणार. दोन रस्ते कुठे एकमेकांना मिळत नाहीत ना, ते मी पेन्सिलीने तपासलं. भूगोल याच कामाला यायचा होता.

"माथेरानला मी काय करू?" म्हणतो. "माकडं बघू?"

११ डिसेंबर

त्याची बॅग भरली. स्वेटर दोन. काठी.

१७ डिसेंबर

सकाळी इनॉक गेला. संध्याकाळी ताल आली. दारातच गळ्यात पडली, केसांना विमानाचा वास. मग आजोबांची खुर्ची शोधून तीत बसली आणि पाय हलवत राहिली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पोहे निवडत बसले. या घरात हे दोघं एका वेळी कधीच असणार नाहीत.

१९ डिसेंबर

खंडाळा. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, गुलाबाच्या पाकळ्या. तालने दोन्ही हातांनी ताट खडकापाशी ठेवलं. नवस फिटला.

वर बघितलं तर झाडाखाली एक म्हातारा. टोपी, स्वेटर, काठी. आमच्याकडे पाठ. कल्पेश गाडीपाशी माझी नजर चुकवत उभा. लियोराने ओळखलं, तोंडावर ओढणी धरली.

मलिदा सगळ्यांना वाटायचा असतो. तालला म्हटलं, त्यांनाही दे. ती मूठ घेऊन गेली, त्याच्या पाठीमागेच थांबली. त्याने वळून पाहिलं नाही. नुसता हात मागे केला, उघडा. तिने त्यावर मलिदा ठेवला.