गव्हाविना चार महिने

१४ सप्टेंबर, सकाळ

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. तुझ्या यजमानांचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. इथे तुझी लेक वेळेवर कामाला जाते. चष्म्याच्या दुकानात तिला आता काचाही घासायला देतात.

तू विचारलंस, गहू सोडून खरंच वजन उतरतं का? माझंच सांगते. जानेवारीत सोडला, दोन महिन्यांत चार किलो उतरले आणि मी गल्लीभर मिरवले. मग दुकानात ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटं दिसली. पथ्याचीच ना, म्हणून पुडेच्या पुडे फस्त केले. चार गेले, पाच आले! तुझी लेक म्हणाली, “मावशी, गहू घर सोडून गेला आणि साखर भाडेकरू म्हणून आली.” वजन उतरलं होतं ते चहाबरोबरचा केक बंद झाला म्हणून. तेव्हा बारीक होण्यासाठी गहू सोडण्यात काही राम नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. ज्याला तो सोसतच नाही, त्याची गोष्ट वेगळी.

इथवर लिहून चहा करून आले. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर म्हणायच्या, आधी कबुली, मग कारणं. मी जन्मभर उलटंच करत आले.

मे महिन्यात तुझी लेक जेवली की पोट धरून बसायची. मी तिचाही गहू बंद केला. पंधरा दिवसांत तिच्या गालांवर रंग आला. तुला कळवलं नाही. “ताईची डॉक्टरकी सुरू झाली पुन्हा,” असं म्हणाली असतीस.

दुखणं गव्हाचंच होतं का, याची खात्री करायला ऑगस्टअखेर तिचं रक्त तपासायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, “गहू रोज खातेस ना?” तिने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, “सगळं खाते.” त्यांच्यापुढे घरगुती वैद्य ठरायची लाज वाटली गं.

रिपोर्ट चांगला आला म्हणून तू दोन पानं आनंदाने लिहिली आहेस. तो रिपोर्ट खरा धरू नकोस. परवा मी एकटी जाऊन बाईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. बरेच दिवस गहू पोटात गेला नसेल, तर सीलिॲकचा आजार, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्यांना न सोसणं, असूनही तपासणीत निसटू शकतो. आता तिने सहा आठवडे रोज पाव खायचा आणि पुन्हा रक्त द्यायचं. पोट दुखेल. आजार निघाला तर गहू कायमचा बंद, कणभरसुद्धा नाही. नाही निघाला तर दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधायचं.

तिला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आईला तू सांगायचंस, मावशी. तुझ्या वतीने मी बोलणार नाही.” फोनवर तू मध्येच ओरडशील आणि मी अर्धंच सांगेन, म्हणून हे पत्र.

पुढच्या सोमवारपासून पाव सुरू. या खेपेला डॉक्टरांशी ती बोलेल, मी बाहेरच्या बाकावर बसेन. माफी कागदावर मागत नाही, तोंडावर मागेन. भांडायला ये, पण सोमवारच्या आत ये. मे महिन्यात पोटात कळ आली की ती झोपेत “आई” म्हणायची. मी शेजारी असले तरी.

चुकलेली, तरीही तुझ्याहून मोठी,
ताई