गॅव्हिन बचाव मोहीम

३ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ११
उत्तमशेठचा मुडदा पाडणार. ठरलं. हमरिया वॉरियर्सचा मालक म्हणे! टायरची दोन दुकानं, नवी पिकअप, आणि टीमची बॅट चिकटपट्टीवर. आज सलग चौथी मॅच हरलो. एकटा गॅव्हिन खेळतो. वसईचा, एसी रिपेअरवाला. बॉल असा टाकतो की स्टंप उडून विकेटकीपरच्या डोक्यावरून जातो. अल खौदची टीम त्याला ओढतेय. शेठना म्हटलं, जरा हात सैल सोडा, जाईल तो. तर म्हणे, "बघू, इन्शाल्ला." एक प्लॅस्टिकची खुर्ची लाथेने मोडली. बरं वाटलं.

५ जानेवारी
आजपासून शंभर पुशअप आणि यूट्यूबवर बॉक्सिंग. अकरा झाले. मग उंटांच्या शर्यतीचा व्हिडिओ लागला. तीन तास.
रूमपार्टनर रविकांत म्हणतो, "धन्या, इथे आखातात नुसती शिवी घातलीस तरी केस होते. थेट विमानात बसवतील." म्हणून पॉलिसी: माणसाला हात नाही. वस्तू चालतील.

७ जानेवारी
मी कामाला आहे त्या किराणा दुकानात तांदळाच्या गोणीवर शेठचं तोंड काढून ठोसे मारले. गोणी फुटली. दुकानाचे मालक, अर्बाब सकलैन, त्यांना सांगितलं, उंदीर. ते म्हणाले, "हा उंदीर मिशी पण काढतो?" आणि हातात झाडू दिला.

१० जानेवारी, शुक्रवार
पाचवी हार. दोन खुर्च्या आपटल्या. तिसरीचा तुटलेला पाय माझ्याच नडगीत घुसला. रक्त बघून शेठ टरकले असणार. गॅव्हिनने गाडीतून क्लिनिकला नेलं. तीन टाके. वाटेत म्हणाला, "माझ्यासाठी असं नको रे करू." नम्र आहे.

१४ जानेवारी
गॅव्हिन दुकानात आला होता. उजवा बूट पुढून फाटलाय, अंगठा दिसतो. म्हणाला, "मला कुठे जायचंय? हमरियातच बरं वाटतं. शेठनी नुसते बूट दिले तरी थांबेन. शुक्रवारपर्यंत अल खौदवाल्यांना हो-नाही कळवायचंय."
फक्त बूट! त्या कंजूषाला तेवढंही जमेना? शुक्रवारी आरपार.

१७ जानेवारी, शुक्रवार
टॉसपासून सुरुवात केली. शेठ आले नव्हते, पण मोहीम कुणासाठी थांबत नसते. नऊ खुर्च्या. मग चहाचा थर्मास. मग स्कोअरबोर्ड, डोक्याने. पब्लिक गार. मॅच रद्द. खुर्च्या भाड्याने देणारा हमझा बोंबलत आला.
तेवढ्यात शेठ पिकअपमधून उतरले. काखेत बुटांचं खोकं.
गॅव्हिनने एका पायातला जुना बूट काढलासुद्धा.
शेठनी खुर्च्या बघितल्या, हमझाला बघितलं, मला बघितलं. खोकं उघडलंच नाही. "खलास. हे परत करतो, ह्याच्या खुर्च्या भरतो."
गॅव्हिनने बूट परत घातला. लेस बांधायला बराच वेळ लावला.
मला आधी कुणी सांगायला नको? टीममध्ये कम्युनिकेशनच नाही.

२१ जानेवारी
गॅव्हिन अल खौदला गेला. रविकांत माझ्याशी बोलत नाही. गिटार शिकावं का?

२४ जानेवारी, शुक्रवार
अल खौदविरुद्ध मॅच. गॅव्हिनने आमच्याच पाच विकेट घेतल्या. सहावी हार.
पण शेठनी अखेर खर्च केला! खुर्च्या गेल्या, त्या जागी लोखंडी बाक, चारही पाय सिमेंटमध्ये. पूर्ण सीझनमधली पहिली खरेदी, आणि ती माझ्यामुळे. एवढ्या वर्षांत कुणाला जमलं होतं?
तरी शेवटची विकेट पडल्यावर लाथ घातलीच. बाक हलला नाही.
अंगठा फ्रॅक्चर. क्लिनिकला गॅव्हिननेच नेलं. नवे बूट भारी आहेत त्याचे, पांढरे. निघताना माझा एक बूट हातात घेऊन माझ्या मागे चालत होता, कारण तो माझ्या पायात जाईना.