हळदीकुंकवातली एक नंबरची नळी

३ जाने. ९१
नितीनला दवाखान्यातून जवळजवळ कान धरूनच घरी आणलं. तीस वर्षांचा घोडा. सूनबाईला, अलकाला, तिसरा महिना, म्हणून सगळं रक्त तपासून घेतलं, तर त्यात गुप्तरोगाची खूण निघाली. डोंबिवलीतले आमचे डॉक्टर चष्म्यावरून याला विचारतात, "बाहेर कुठे जाता का?" हा म्हणतो, "जातो ना, कल्याणला, मामाकडे." अलका हसली. मला हसू येईना. आधीचे दोन गेले, एक चौथ्यात, एक पाचव्यात. आता हा तिसरा.

७ जाने.
नितीनचं रक्त स्वच्छ. मग डॉक्टर अलकाकडे बघायला लागले. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, माझ्या सुनेबद्दल असलं काही मनातसुद्धा आणायचं नाही. ह्यांनी मला बाहेर ओढून नेलं. चिठ्ठी मिळाली: ठाण्याला कोपरीत कर्णिकबाई रक्तावर संशोधन करतात, त्यांना दाखवा.

९ जाने.
कर्णिकबाई पस्तिशीच्या, पायात स्लिपर, बोलणं सरळ. काही जणींच्या रक्तात ती तपासणी खोटं बोलते म्हणे. रोगबिग काही नाही. शरीर आपल्याच रक्तावर उलटतं, वारेत गुठळ्या होतात, बाळाला काही पोचत नाही. आणि गंमत अशी, की तेच रक्त काचेच्या नळीत गोठायला उशीर लावतं. अलकाचं फार उशिरा गोठलं. पण फार म्हणजे किती? ते ठरवायला मुलंबाळं असलेल्या वीसेक धडधाकट बायकांचं रक्त हवं. चार महिने मागताहेत, कुणी देत नाही.
मी म्हटलं, तुम्हाला मागता येत नाही.

१९ जाने.
आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू. दारात कुंकू, आत कर्णिकबाईंची सुई, मग तिळगूळ, मग वाण. रक्त नाही तर वाण नाही. वाण स्टीलचा डबा, झाकणवाला. म्हात्रेवहिनी म्हणाल्या, "मना सुईची भीती नाय. पन डबा आधी बघू दे." नळ्या गरगर फिरवायचं यंत्र ओट्यावर, मिक्सरच्या प्लगला. ओटा असा थरथरत होता की बरण्या खाली काढल्या. जोशीकाकूंनी विचारलं, यात चटणी बारीक होते का. बायकांना धीर यावा म्हणून पहिली मी बसले. नळी नं. १. एकूण बावीस झाल्या, त्यातल्या दोघी तर न बोलावता आलेल्या. हे दुपारपासून गच्चीवर.

२ फेब्रु.
आकडे आले. अलकाला तेच आहे. रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी. कर्णिकबाई म्हणाल्या, खात्री देत नाही, अभ्यास अजून चालू आहे. गोळी उष्ण, म्हणून मी वरून गुलकंद सुरू केला. बाईंना सांगितलं नाही.
एकवीस बायका नॉर्मल. नं. १ फार उशिरा गोठली, काढून टाकावी लागेल म्हणे. म्हणजे मी. बत्तीस वर्षं शाळेत नापासांची यादी मी लावली! म्हटलं, ओटा हलत होता. तीन महिन्यांनी परत घ्या.

१६ मार्च
पाचवा सरत आला. अलका जिना उतरते तेव्हा नितीन पुढे, हे मागे, छत्रचामरं तेवढी नाहीत. मला फार भीती वाटते. इथे लिहिते, बोलत नाही.

४ मे
माझं परत तेच आलं. ओट्याचा दोष नाही. कर्णिकबाई फॉर्म भरायला बसल्या.
"मुलं किती?"
एक.
"गेलेली?"
नाही म्हणायला तोंड उघडलं. अलका शेजारीच. सासूबाईंनी तेव्हा बजावलं होतं, दोष तुझ्याच पोटात, बाहेर बोलायचं नाही. ह्यांच्याशीसुद्धा परत विषय नाही. नितीनला तर माहीतच नाही. आणि मी दोन वर्षं या पोरीला सुनावलं, धाडधाड जिने उतरतेस, मग टिकेल कसं? लाज वाटली.
"दोन," म्हटलं. "नितीनच्या आधी. एक पाचव्यात, एक सातव्यात."
बाईंनी लिहून घेतलं. रिक्षात अलकानं माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. आत लाथा चालू होत्या. तिला सातवाच लागलाय. गुरुवारी परत बोलावलंय.