अंगठ्याखालचं बटण

सर, आज नातवाबरोबर गंगापूर रोडवरच्या एका दुकानात गेलो होतो. त्याला कॉम्प्युटरवर खेळायला नवा माउस हवा होता. दुकानदाराने काचेवर जो काढून ठेवला त्याच्या कुशीला, जिथे अंगठा टेकतो तिथे, बटणांची अख्खी वसाहत होती आणि आतून निळे-जांभळे दिवे पेटत होते. नातू हरखून गेला. कोणत्या बटणावर काय लावता येतं ते दोघं एकमेकांना सांगत बसले. मग दुकानदार मला म्हणाला, काका, हात ठेवून तर बघा, कसा बसतो ते. मी हात मागे घेतला. आजोबा घाबरले, असं म्हणून नातू हसला. घाबरलो नव्हतो, सर. पण घरी येईपर्यंत माझा अंगठा मुठीत मिटलेलाच होता, हे रिक्षातून उतरताना लक्षात आलं. म्हणून हा कागद घेऊन बसलोय.

तुम्हाला आमचा कवितेचा तास आठवत असेल. तुम्ही कविता वाचत नव्हता, म्हणत होता. डस्टरने टेबलावर ठेका धरायचात, खडूची भुकटी उन्हाच्या पट्ट्यात उडायची, आणि सगळा वर्ग चालीवर म्हणू लागला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर उठून दार लावून घ्यायचे. अजूनही मला कविता आठवते ती त्या भुकटीच्या वासासकट. एके दिवशी तुम्ही मला उभं केलंत. मी झोकात सुरुवात केली, मधलं एक कडवं आठवेना, तसा न थांबता पुढच्यावर उडी मारली. वर्गाला पत्ताही लागला नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता, ते उघडलेत. मधलं कडवं कुठे गेलं, असं विचारलंत. मी म्हणालो, एवढीच आहे, सर. तेव्हा तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "गिळलंस. गिळलेलं कडवं पोटातच राहतं रे, आणि नको तेव्हा वर येतं." सगळे हसले. मीही हसलो.

पुढे अशोक स्तंभाजवळच्या गल्लीत मी डीटीपीचं दुकान टाकलं. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल. तोवर तुम्ही निवृत्त झाला होता, काकू गेल्या होत्या, आणि दुपार कशी घालवायची हा तुमच्यापुढे प्रश्न होता. मी घरी येऊन म्हणालो, सर, प्रुफं वाचायला या. तुम्ही आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्याच दिवशी खुर्चीवर टाकायला स्वतःची उशी आणि खिशाला लाल पेन लावून हजर. दुकानाला तुम्ही एकच नियम घातलात. वाचून झालेल्या पानात नंतर काहीही बदल झाला, तर ते पान परत तुमच्याकडे यायचं. एक अक्षर हललं तरी पान नवं, असं तुमचं म्हणणं. आणि एक काम तुम्ही आपणहून अंगावर घेतलं होतं. सकाळी आलात की दोन्ही मशीनचे माउस उलटे करायचे, पोटातली रबरी गोळी काढून धोतराच्या सोग्याला पुसायची, आतल्या चाकांवर साचलेली मळाची पुटं काडीने खरवडायची, आणि गोळी परत आत बसवून माउस टेबलावर फिरवून बघायचा. आमच्याकडची ऑपरेटर मुलगी, नाशिक रोडहून बसने यायची ती, म्हणायची, सरांनी उंदराला अंघोळ घातल्याशिवाय आमचा दिवस उगवत नाही.

मग तो नवा माउस आला. कॉम्प्युटर पुरवणारा माणूस स्वतः घेऊन आला होता, बाजारात नुकताच उतरलाय म्हणाला. पाच बटणं. वर दोन, मध्ये फिरणारं चाक, तेही दाबता येणारं, आणि डाव्या कुशीला अंगठ्यासाठी दोन. पोटात गोळी नाही, नुसता लाल उजेड. सगळी गल्ली बघायला लोटली. शेजारचा स्क्रीन प्रिंटिंगवाला म्हणाला, माझ्या शर्टालासुद्धा एवढी बटणं शिल्लक नाहीत. झेरॉक्सवाल्या काकांना ती बाजाची पेटी वाटली, म्हणाले, काळी पाच कुठली धरायची तेवढं सांगा. कुणी उलटा करून लाल उजेड डोळ्यांत घेतला, कुणी तळहातावर फिरवून बघितला. ऑपरेटर मुलीने पाच मिनिटं वापरला आणि बाजूला सारला. चुकून बोट लागतं म्हणाली, माझा आहे तो बरा. मी मात्र प्रेमात पडलो, सर. वय काय, करतोय काय, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. कुठल्या बटणाला कोणतं काम द्यायचं ते आपण ठरवायचं, हे मला एखाद्या कवितेसारखं वाटलं होतं. अंगठ्याच्या एका बटणाला मी उचलायचं, म्हणजे कॉपीचं, काम दिलं, दुसऱ्याला चिकटवायचं. मजकूर खुणावला, अंगठा दाबला, उचलला. दुसरीकडे गेलो, अंगठा दाबला, चिकटला. कीबोर्डला हात नाही.

तुम्हीही तो हातात घेतलात. सवयीने उलटा केलात, गोळीची जागा शोधलीत. "याचं पोट शिवूनच टाकलंय," असं म्हणालात, आणि तुमच्या हातातली काडी तशीच राहिली. मी बटणांची करामत दाखवली. तुम्ही नीट बघितलीत. मग तुमचं लाल पेन माझ्यापुढे धरलंत आणि म्हणालात, "अंगठा आधाराला असतो रे. तो नुसता टेकलेला असतो म्हणून बाकीची बोटं लिहितात. त्याला कशाला कामाला लावतोस?" मी हसून म्हणालो, सर, जमाना बदलला. तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून तुमच्या अंघोळीला एकच उंदीर उरला.

लग्नसराई होती. मखमलाबादकडचं एक फुलशेतीवालं घर, थोरल्या नातवाचं लग्न. पत्रिका तुम्ही वाचून दिली होती, कोपऱ्यात तुमची लाल बरोबरची खूण होती. दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि त्यांचा फोन आला. नवरीचे आईकडचे आजोबा वारले आहेत, त्यांच्या नावामागे 'कै.' राहिलंय, तेवढं घाला. राहिलं नव्हतं, त्यांनीच लिहून दिलं नव्हतं. छापणारा ट्रेसिंग पेपरवरच्या प्रिंटसाठी दारात उभा. मी दुसऱ्या एका नावामागचं 'कै.' अंगठ्याने उचललं, त्या आजोबांच्या नावामागे अंगठ्याने चिकटवलं. मग मुलाकडच्या आजोबांच्या नावाची ओळ किंचित आत गेलेली दिसली, म्हणून तिच्या सुरुवातीला क्लिक करून ती सरळ केली. प्रिंट दिली. मी पान परत वाचलं नाही. तुमची वाटही पाहिली नाही. दोन अक्षरांसाठी कुठे थांबायचं, असं वाटलं होतं.

पत्रिका वाटायला निघाल्या तेव्हा कळलं. नवरदेवाचे आजोबा, ते धडधाकट फुलवाले म्हातारे, पत्रिकेत कैलासवासी झाले होते. त्यांचा मुलगा पत्रिका नाचवत दुकानात आला, मागून काठी टेकत म्हातारे स्वतः. मुलगा तापला होता, आणि त्याचं काय चुकलं? कुलदैवताच्या पायाशी पत्रिका ठेवली, पहिली पत्रिका मामाला दिली, आणि तिथे त्याच्या आईने स्वतःच्या नवऱ्याच्या नावामागे 'कै.' वाचलं. म्हाताऱ्यांना मात्र गंमतच वाटत होती. खुर्चीवर बसत ते म्हणाले, "लय घाई केली तुमी लोकांनी. मला नातवाचं जेवण तर जेवू द्यायचं." मुलगा म्हणाला, आबा, तुम्ही गप्प बसा. आणि माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "हे वाचलं कोणी?"

सर, मला तेव्हाच माहीत होतं. पत्रिका हातात आली त्या क्षणी अंगठ्याला कळलं होतं. ओळ सरळ करताना तो टेकला असणार, आणि पोटात राहिलेलं ते 'कै.' पुन्हा एकदा चिकटलं असणार. मी म्हणालो, "प्रुफं सर बघतात. आता वयोमानाने..." आणि वाक्य अर्धंच सोडलं. अर्ध्या वाक्याची सोय अशी की ते ऐकणारा पुरं करतो. तुम्ही तुमच्या खुर्चीवरून उठलात. त्या फुलवाल्या म्हाताऱ्यांपुढे, जे तुमच्याच वयाचे होते, हात जोडलेत आणि म्हणालात, "माझी नजर चुकली. क्षमा करा." म्हातारे काठी टाकून उभे राहिले. "आवं मास्तर, तुमी कशाला हात जोडता? जित्त्याला मेला म्हनलं की आयुष्य वाढतं. तुमच्यापायी मी नव्वदी गाठतो का नाय बघा." मुलगासुद्धा वरमला. ऑपरेटर मुलीने माझ्याकडे बघितलं, मग त्या माउसकडे बघितलं, आणि मान खाली घालून टायपिंग करू लागली. पत्रिका आम्ही नव्याने छापून दिल्या. लग्न थाटात झालं, झेंडूचा मांडव होता म्हणे.

तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, की मी वाचलं तेव्हा ते तिथे नव्हतं. मला आधी वाटलं, तुम्ही मला वाचवलंत. तसं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. तुम्ही खरोखरच मानलंत. एका बाजूला तुमचे डोळे, दुसऱ्या बाजूला तुमच्या विद्यार्थ्याचं अर्धं वाक्य, आणि तुम्ही विद्यार्थ्यावर विश्वास ठेवलात. आठवड्याभराने तुम्ही दुकानात आलात ते उशी न्यायला. डोळे तपासून आलो म्हणालात. "नंबरही वाढलेला नाही म्हणे. डोळे चांगले आहेत. म्हणजे मग डोक्यातच काहीतरी सुटायला लागलंय." हे तुम्ही तक्रारीच्या सुरात नाही, शुद्धलेखन सांगावं तसं सांगितलंत. लाल पेन माझ्या टेबलावर ठेवलंत. ऑपरेटर मुलीने तुम्हाला चहा दिला, तिचे डोळे भरले होते. मी स्क्रीनकडे बघत होतो. दाराशी थांबून तुम्ही तिला म्हणालात, आता गोळी तूच पुसत जा हो.

त्यानंतर तुम्ही वाचणं सोडलंत. तुमच्या सूनबाई मला भाजीबाजारात भेटल्या तेव्हा सांगत होत्या, पेपर येतो, दिवसभर घडीतच पडून असतो. विचारलं तर म्हणतात, मी वाचतो ते तिथे असतंच असं नाही. हे सांगून त्या मेथीची जुडी निवडू लागल्या, आणि मी बाजारातून तसाच परत आलो. ज्या माणसाने आम्हाला अक्षरांवर भरवसा ठेवायला शिकवलं त्याचा भरवसा मी काढून घेतला होता, तो परत द्यायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य मी रोज सकाळी जुळवायचो, रोज दुकान बंद करताना मोडायचो.

तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी भेटायला आलो. खिडकीत तुमचं कवितांचं जुनं क्रमिक पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. मी त्या दिवशी आलो तो ठरवून आलो. जिन्यात वाक्य म्हणून बघितलं. पण तुम्हीच आधी विचारलंत. माझा हात हातात घेतलात, अंगठा तुमच्या तळव्यात होता, आणि विचारलंत, "ती पत्रिका आठवते? मी वाचली तेव्हा ते तिथे होतं का रे?" किती सोपं करून दिलं होतं तुम्ही. नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असेल, सर." तुम्ही मान हलवलीत. "मग ठीक," म्हणालात. दुकानात मी बोललो ते घाबरून बोललो, त्याला काहीतरी माफी असेल. या 'असेल'ला कसली घाई नव्हती, कुणी दारात उभं नव्हतं. थोडं इकडचं तिकडचं बोलून मी निघालो.

तुमच्या दशक्रियेचं कार्ड मीच केलं. पाच बटणांचा माउस तोवर कपाटात गेला होता, ऑपरेटर मुलीच्या मशीनवर बसून केलं. तुमच्या नावामागची ती अक्षरं कीबोर्डवर एकेक करून टाइप केली, उचलली-चिकटवली नाहीत. पान काढून पुन्हापुन्हा वाचलं. मग सवयीने ते घेऊन तुमच्या खुर्चीकडे वळलो. आणि सर, त्या क्षणी दुःखाच्या जोडीने एक हलकेपणाही जाणवला. आता मला कुणी विचारणार नव्हतं.

नातवाने माउस घेतलाच. आत तो खेळतोय, टकटक ऐकू येतेय. त्याचं रिकामं खोकं इथे माझ्यापुढे आहे, हा कागद घडी करून त्यातच जाईल, आणि खोकं माळ्यावर. पण तुम्ही समोर डोळे मिटून बसला आहात असं वाटतंय, आणि मघाशी मी जिथून उडी मारली तिथे ते उघडताहेत.

मधलं कडवं असं होतं. 'मग ठीक' म्हटल्यावर तुम्ही खिडकीतलं पुस्तक मागितलंत. मी दिलं. तुम्ही ते न उघडता परत माझ्या हातात ठेवलंत आणि म्हणालात, तू वाच, चालीवर वाच, माझ्या वाचण्याचं काही खरं नाही. तुम्ही डोळे मिटलेत. उशीवर बोटांनी ठेका धरलात. मी खिसे चाचपले आणि म्हणालो, चष्मा घरी राहिला, सर. बोटं थोडा वेळ चालू होती, मग थांबली.

चष्मा वरच्या खिशात होता. आणि ती कविता तर मला पाठ होती.