आठ फुटांचा हौदा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
निवृत्तीचा पहिला दिवस. एकतीस वर्षं नेब्रास्काच्या याच मातीच्या रस्त्यांवर टपाल वाटलं. एकदाही गाडी रिव्हर्स घ्यावी लागली नाही, कारण माझा रूटच गोल होता. याला म्हणतात ड्रायव्हिंग.

आजपासून रोजनिशी. कारण काल कॅम्पर ट्रेलर आला. पांढराशुभ्र. आत पलंग, ओव्हन, संडास, सगळं. पिकअप दारात उभा आहेच. आता दोघांना जोडणारी फिफ्थ व्हील हिच तेवढी निवडायची. म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायचा लोखंडी जबडा. ट्रेलरच्या नाकाखालची पिन त्यात अडकली की घर आपल्या मागोमाग येतं. आठवड्याभराचं काम.

लोरेटाने ओरेगॉनच्या किनाऱ्यावर कॅम्पची जागा बुक केली आहे. जागा नंबर एकतीस, २१ ऑगस्टपासून चार रात्री. त्रेसष्ट वर्षांची झाली, अजून समुद्र पाहिलेला नाही. यात माझा दोष थोडाच. १९९८ साली निघालो होतो, पण वायोमिंगमध्ये मला खात्री पटली की ओव्हन चालू राहिला. परत आलो. बंद होता. पण चालू असता तर?

लोरेटा म्हणाली, डेलबर्ट, या खेपेला मी ओरेगॉनला जाणार. तू नेलंस तर तुझ्याबरोबर, नाहीतर तुझ्याशिवाय. गंमत करत असावी.

९ मार्च, रविवार
चर्चहून आल्या आल्या पिकअपचा हौदा मोजला. कडाक्याची थंडी. मोजायला लोरेटाची शिवणाची टेप. मागचा फाळका उघडून आडवा पाडला, आत चढलो, गुडघ्यांवर रांगत या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजलं. आठ फूट दोन इंच. म्हणजे लांब हौदा!

आखूड हौदेवाल्यांचे फार हाल. तीव्र वळण घेतलं की ट्रेलरचं नाक थेट केबिनच्या मागच्या काचेवर येतं. म्हणून त्यांना सरकती हिच घ्यावी लागते, जी वळताना मागे सरकते. बिचारे. आपल्याला ती भानगड नाही.

लोरेटाने खिडकीतून विचारलं, फाळका बंद करून मोजलंस का? तिला नीटनेटकेपणा लागतो. लगेच बंद केला.

२ एप्रिल, बुधवार
चौदा हिचचा तक्ता तयार. नऊ निकष. वजन, जबडा, हँडल, गंज, रंग वगैरे. रंगाला जास्त गुण दिले होते, ते कमी केले. पुन्हा वाढवले.

दुपारी गेलन आला. हा लोरेटाचा धाकटा भाऊ, गुरांचा धंदा. आल्या आल्या म्हणाला, काय पोस्टमास्तर, अजून तक्ताच? मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो हे त्याला माहीत आहे. तो म्हणाला, तुझा हौदा आखूड आहे, गुपचूप सरकती घे. माझी जुनी गोठ्यात पडली आहे, ती ने. मी आकडा सांगितला. आठ फूट दोन इंच. गेलनने पिकअपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग लोरेटाकडे बघितलं. लोरेटाने त्याला रुबार्बच्या गोड पायचा दुसरा तुकडा वाढला. दोघंही खाली बघून खात बसले. आकड्यापुढे माणूस गप्प होतो.

गोठ्यातली हिच! शेणाचा वास येणार. निकष दहावा: वास.

१९ एप्रिल, शनिवार
लोरेटा म्हणाली, मी चौदा वर्षांची होते तेव्हापासून बाबांचा बैल न्यायचा ट्रेलर गाडीमागे ओढतेय, एकदा माझंही ऐक. मी प्रेमाने समजावलं की बैल वेगळे आणि बेडरूम वेगळी. बैल स्वतः तोल सांभाळतात. ती म्हणाली, हो, तुझ्यापेक्षा बरा सांभाळतात.

रात्री जेवणात कालचंच उरलेलं कॅसरोल.

१० मे, शनिवार
हिचच्या दुकानात गेलो. पाऊस होता म्हणून पिकअप घरीच ठेवला, लोरेटाची कार नेली. काउंटरवर डार्ला नावाची बाई. विचारलं, हौदा लांब का आखूड? म्हटलं, लांब. ती म्हणाली, नक्की ना? बऱ्याच जणांना वाटतं लांब आहे. मी म्हटलं, बाई, मी बऱ्याच जणांपैकी नाही. ती म्हणाली, ते दिसतंच आहे.

न सरकणारी घेतली. चोवीस हजार पौंड ओढते. आमचा ट्रेलर नऊ हजारांचा. उरलेली ताकद वेळप्रसंगी कामी येईल. रंग काळा.

दुकानातच बसवून देतो म्हणाले. नको म्हटलं. घरची गोष्ट घरी.

२६ मे, सोमवार. मेमोरियल डेची सुट्टी
सगळं गाव तळ्यावर कॅम्पिंगला गेलंय. मी हिच बसवतोय. नटबोल्ट चोवीस. बसले एकवीस. उरलेले तीन जादा दिले असावेत. दुकानदार चांगला आहे.

लोरेटा लिंबू सरबत घेऊन आली, हौद्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग उरलेले तीन बोल्ट उचलून तिने स्वतःच बसवले. मी तिला हे काम शिकवलं याचं समाधान वाटलं.

जाताना म्हणाली, डेल, अजूनही सांगते, फाळका बंद करून मोज. तिसऱ्यांदा सांगतेय. नोंद केली.

१४ जून, शनिवार
संकल्प: रोज अर्धा तास रिव्हर्सचा सराव. ट्रेलरशिवाय सुरुवात करावी. मागे बघून चालवलं की मान दुखते. मान हा महत्त्वाचा अवयव आहे. संकल्प सोमवारपासून.

१६ जून, सोमवार
मान.

४ जुलै, शुक्रवार
फटाके. परेड. गेलनने ट्रॅक्टरवरून ओरडून विचारलं, पोस्टमास्तर, पोचलात का समुद्रावर? सगळी गल्ली हसली. हसू देत. ऑगस्टमध्ये फोटो पाठवीन.

लोरेटाने नवे बूट घेतले आहेत. वाळूत चालायचे. खोक्यातून काढते, बघते, परत ठेवते. मला बघवलं नाही, मी गॅरेजमध्ये गेलो आणि हिचला ग्रीस लावलं. दुसऱ्यांदा.

३० जुलै, बुधवार
ट्रेलर जोडला! पहिल्या अकरा प्रयत्नांत नाही, बाराव्यात. गावाभोवती चाळीस मैल चक्कर मारली. सगळी वळणं उजवीकडची आणि मोठी, कारण रस्ता माझ्या टपालाचाच. लोणी कापावं तसा ट्रेलर मागे येत होता. लोरेटा म्हणाली, डोंगरात नेण्याआधी तळ्यावर जाऊन एकदा पार्क करून दाखव. गेलन पण असेल. मी म्हटलं, बोलाव. साऱ्या काउंटीला बोलाव.

९ ऑगस्ट, शनिवार. रात्री
साऱ्या काउंटीला बोलावणं गरजेचं नव्हतं.

इथल्या कॅम्पांची एक रीत आहे. नवा ट्रेलर आत शिरला की मंडळी गप्पा थांबवतात आणि खुर्च्या त्याच्याकडे वळवतात. रिव्हर्स बघणं हा इथला सिनेमा. बावीस खुर्च्या मोजल्या. गेलनने दोन आणल्या होत्या, एक पाय ठेवायला.

मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. लोरेटा मागे उभी राहून खुणा करत होती. मग तिने दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. मीही हात हलवला. इतक्या वर्षांत तिने मला असा हात केला नव्हता, बरं वाटलं. तेवढ्यात ट्रेलरचं नाक केबिनच्या मागच्या काचेतून आत आलं आणि माझ्या टोपीला लागलं.

काचेचे दाणे शर्टात. एका आजींनी टाळी वाजवली, त्यांना वाटलं संपलं.

संशय: काच निकृष्ट असावी.

१० ऑगस्ट, रविवार
लोरेटाने काही न बोलता तीच शिवणाची टेप आणली. फाळका बंद केला. टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. सहा फूट पाच इंच.

मी म्हटलं, मार्चमध्ये आठ होतं. थंडी होती तेव्हा. लोखंड उन्हात वाढतं असं शाळेत शिकलो होतो, हे तर कमी झालं. पुस्तकं तपासायला हवीत.

लोरेटा म्हणाली, डेल, अकरा दिवस उरलेत. मी जाणार. आणि ती रडली. ओव्हनच्या वेळी पण रडली नव्हती. मी टेप गुंडाळत राहिलो. ती फार लांब वाटली.

११ ऑगस्ट, सोमवार
सकाळी उठलो तर पिकअपपाशी गेलन आणि लोरेटा. गोठ्यातली सरकती हिच हौद्यात बसलेली. माझी काळी अंगणात, गवतावर. सरकतीचे चोवीसच्या चोवीस बोल्ट लागलेले. गेलन मला एक शब्दही टाकून बोलला नाही, हे फार लागलं. फक्त विचारलं, काचेच्या जागी प्लायवूड लावू का प्लास्टिक?

शेणाचा वास आहे. थोडाच.

मग लोरेटा गाडीत बसली. पिकअप मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, आणि ट्रेलर गॅरेज आणि मक्याच्या मधल्या फटीत जाऊन उभा राहिला. दोन मिनिटं. बूट शेजारच्या सीटवर ठेवले होते.

मी ठरवलं आहे की गाडी तिला चालवू द्यावी. नकाशा कुणीतरी बघायलाच हवा.

१८ ऑगस्ट, सोमवार. वायोमिंग
कालपासून रस्त्यावर. प्लायवूड लावलं, त्यामुळे मागचं काही दिसत नाही. लोरेटा म्हणते, आरशात बघायचं असतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.

जिथून ९८ साली मागे फिरलो, तो पेट्रोल पंप आला. मला एकदम आठवलं की ओव्हन. काही बोललो नाही. नख चावत बसलो. वीस मैल गेल्यावर लोरेटा म्हणाली, निघताना प्लग काढलाय, आणि मागच्या ट्रेलरचाही गॅस बंद आहे. मला वाटतं तिला मनातलं वाचता येतं.

मग म्हणाली, तुझी ती वही काढ. निवृत्तीनंतरचा पहिला रविवार ना, हौदा मोजलास तो? वाच.

९ मार्च होता तो, वाचलं. शेवटच्या दोन ओळी वाचताना माझा आवाज उतरला. माझ्याच अक्षरात, स्पष्ट लिहिलेलं. ती हसायला लागली ते आयडाहो येईपर्यंत. मध्येच थांबायची, मग 'लगेच बंद केला' म्हणून पुन्हा सुरू. शेवटी मलाही हसू आलं, पण मी ते खोकला म्हणून खपवलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
जागा नंबर एकतीस. एकोणीस खुर्च्या. लोरेटाने एका दमात ट्रेलर आत घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी उतरून हात हलवला, तेव्हा थांबल्या.

मग आम्ही वाळूवरून चालत गेलो. तिने नवे बूट काढले आणि हातात धरले. समुद्र राखाडी होता, वारा फार. ती तासभर घोटाभर पाण्यात उभी राहिली. मला लाज वाटली. सत्तावीस वर्षं, एका बंद ओव्हनपायी. तसं मी तिला म्हटलंही. ती म्हणाली, गप्प बस डेल, ऐकू दे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळी
शेजारच्या जागेत आयडाहोचा ऑर्व्हिल नावाचा माणूस. नुकताच रिटायर. नवा पिकअप, भाड्याचा तंबू. म्हणाला, पुढच्या वर्षी ट्रेलर घेणार, हिच कोणती घ्यावी काही समजत नाही. मी खुर्ची पुढे ओढली. दहा निकष सांगितले. वजन, जबडा, हँडल. तो लिहून घेत होता. चांगला माणूस.

खिडकीतून लोरेटा म्हणाली, त्यांना मुख्य ते सांग.

मी घसा साफ केला. म्हटलं, हौदा मोजताना फाळका बंद करा. काही लोक उघडा ठेवून मोजतात.

ऑर्व्हिल पोट धरून हसला. म्हणाला, छे, इतका मूर्ख कोण असेल? तुमच्या ओळखीचा आहे का असा कोणी?

ट्रेलरच्या आत भांडं पडल्याचा आवाज आला.

तोंडओळख आहे, मी म्हटलं.