तुझा आरसा आणि ते तीन चिमटे

प्रिय बापू,

आपण हाकेवर राहणारे भाऊ, पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. पण कालची गोष्ट तुला कळायलाच हवी, आणि हाक आता पोचत नाही.

तुझी लेक नंदा पुण्याहून आलीय. तू बनवलेल्या दुर्बिणीतला आरसा न्यायचा आणि पुन्हा घासून घ्यायचा, असं ठरवूनच आली होती. मला ते ऐकवेना. त्या काचेवर तुझा हात फिरलाय!

आठवतं? कोल्हारच्या ओसरीत पिंपावर काच ठेवून, भोवती फिरत तू आरशासाठी ती घासायचास. मी पाणी आणि घासायची पूड टाकत शाळेतल्या कविता म्हणायचो. "तात्या, हळू म्हन, माझा हात तुज्या चालीवर पळतोय," असं दटावायचास.

मग दुर्बीण टेम्पोत घालून तू जामखेडकडच्या शाळांना दाखवायला नेलीस. तेव्हापासून तिच्यातून प्रत्येक तारा तिकोनी दिसायला लागला. आरसाच वाकडा घासला गेला, आधी कौतुकात कळलं नाही, असं म्हणून तिच्यावर गोणपाट टाकलंस ते कायमचं. एवढी घाई का रे केलीस?

नंदाचं कामच हे. आरशाची मापं संगणकात भरायची, की ताऱ्याचा उजेड कसा जमेल ते प्रोग्राम पडद्यावर दाखवतो. काल तिनं आरसा बाहेर काढून तपासला, मापं भरली. ताऱ्याचा ठिपका आला गोल, मोहरीसारखा. तिला पटेना. पुन्हा भरली. पुन्हा गोल.

आरसा चांगला, तर तारा तिकोनी का? तिनं मला विचारलं, अप्पांनी, म्हणजे तू, नंतर काही बदललं होतं का. मी म्हटलं, खड्ड्यांत आरसा हलेल म्हणून त्याला कडेनं धरणारे तीन चिमटे त्यानं आवळले होते, एवढंच.

ती पुन्हा संगणकाकडे वळली. मग पडद्यावरच्या आरशाला कडेनं तीन जागी दाब दिला. ठिपका तिकोनी झाला, अगदी तुझ्या ताऱ्यासारखा.

"तात्या, अप्पांचा हात चुकलाच नव्हता. त्यांनी आरसा फार घट्ट धरला होता."

आरसा परत बसवला आणि चिमटे सैल ठेवले, मधून वहीचा कागद सरकेल इतके. दिवेलागणीला दुर्बीण पहिल्या ताऱ्यावर लावली. गोल होता, बापू. नंदा बराच वेळ डोळा काढेना.

आरसा आता कुणी घासणार नाही. जामखेडला दुर्बीण पुन्हा नेणार आहे. आरसा काढून गोधडीत गुंडाळीन आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसेन, चिमटे आवळणार नाही. वाटेत कविता मात्र म्हणेन. हळू म्हणेन.

तुझा,
तात्या